‘मीही लहानपणी असाच होतो’
वाचकांचे प्रश्न : एडीएचडी आणि औषधाचा निर्णय

प्रश्न : आमचा मुलगा ९ वर्षांचा आहे. शाळेत जायला लागल्यापासून त्याच्याविषयी त्याच त्या तक्रारी ऐकतो आहोत : तो जागेवर बसत नाही, प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देतो, वस्तू हरवतो. अर्ध्या तासाच्या गृहपाठाला तीन तास लागतात आणि शेवट रडारडीत होतो. बालमनोविकारतज्ज्ञांनी सविस्तर तपासणी करून एडीएचडीचे (लक्ष टिकवणे आणि चंचलता आवरणे अवघड करणाऱ्या विकाराचे) निदान केले आणि मिथाइलफेनिडेट हे औषध सुचवले. माझ्या पतींचा औषधाला ठाम विरोध आहे. ‘मीही लहानपणी असाच होतो, माझे काय अडले?’ असे ते म्हणतात. या औषधाने मूल मंदावते, त्याची वाढ खुंटते, पुढे व्यसन लागते, असेही कानांवर येते. एकदा सुरू केले की ते जन्मभर घ्यावे लागेल का?
– एक आई

उत्तर : आपल्या पतींच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण तपासणीच्या खोलीत ते वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता ते आक्षेप म्हणून न ऐकता माहिती म्हणून टिपून घेतो. एडीएचडीवर आनुवंशिकतेचा प्रभाव फार मोठा आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून तो ७० ते ८० टक्क्यांच्या घरात असल्याचे दिसते, म्हणजे जवळजवळ उंचीवर असतो तितका. त्यामुळे ‘मीही असाच होतो’ या वाक्याने निदान खोटे पडत नाही, उलट त्याला थोडा आधारच मिळतो. राहिला प्रश्न ‘काय अडले’ याचा. तो त्यांना वादाच्या वेळी न विचारता एखाद्या निवांत संध्याकाळी विचारावा. कदाचित खरोखरच काही अडले नसेल, कारण लक्षणे सौम्य असतील किंवा त्यांना मानवणारे काम वेळेवर हाती आले असेल. पण कदाचित अर्धवट सोडलेले शिक्षण, रोज खाल्लेली बोलणी आणि आपण बेजबाबदार आहोत ही मनात घट्ट बसलेली समजूत यांची यादीही निघेल, जी त्यांनी आजवर कोणाला सांगितलेली नसेल.

औषधाकडे वळण्यापूर्वी निदानाविषयी दोन शब्द. एडीएचडी दाखवणारी रक्तचाचणी नाही आणि मेंदूची प्रतिमा काढूनही तो ठरवता येत नाही. अवधानाच्या अभावाची ९ आणि चंचलता-उतावीळपणाची ९ अशा लक्षणांच्या दोन याद्या असतात. मुलांमध्ये त्यांपैकी एका तरी यादीतील किमान ६ लक्षणे ६ महिन्यांहून अधिक काळ, वयाच्या मानाने जास्त प्रमाणात दिसावी लागतात, ती घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी असावी लागतात, वयाच्या १२ व्या वर्षाआधी त्यांतील काही सुरू झालेली असावी लागतात आणि मुख्य म्हणजे त्यांमुळे मुलाचे नुकसान होत असावे लागते. झोप अपुरी असणे, ऐकू कमी येणे, वाचन-लेखनाची विशिष्ट अक्षमता, चिंता, क्षणभर भान हरपणारे अपस्माराचे झटके, यांतल्या कशानेही मूल ‘लक्ष नसलेले’ दिसू शकते. आणखी एक गोष्ट आपण स्वतः तपासू शकता : मुलगा वर्गात वयाने सर्वांत लहान मुलांपैकी आहे का? अमेरिकेतील २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात, शाळाप्रवेशासाठी १ सप्टेंबर ही सीमा असलेल्या राज्यांत, ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांमध्ये एडीएचडीच्या निदानाचे प्रमाण सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी जास्त आढळले. एक वर्षाचे अपरिपक्वपण हा आजार नव्हे. आपल्या मुलाची तपासणी मात्र घाईने झालेली नाही असे पत्रावरून वाटते, म्हणून निदान बरोबर आहे असे धरून पुढे जातो.

मिथाइलफेनिडेट हे नवे, नवलाईचे औषध नाही. उत्तेजक औषधांनी चंचल मुले स्थिर होतात, हे चार्ल्स ब्रॅडली या अमेरिकी डॉक्टरांनी १९३७ मध्ये नोंदवले. मिथाइलफेनिडेट १९४४ मध्ये प्रथम तयार झाले आणि ते बनवणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाने आपल्या पत्नीच्या लाडक्या नावावरून त्याला ‘रिटालिन’ हे नाव दिले. मुळातच उसळणाऱ्या मुलाला उत्तेजक कसे द्यायचे, हा प्रश्न साहजिक आहे. एका गोंगाट चाललेल्या वर्गाची कल्पना करा, जिथे शिक्षकांनाच डुलकी लागली आहे. मुलांना गप्प करण्यासाठी मुलांना झोपवावे लागत नाही, शिक्षक जागे झाले की पुरते. मेंदूच्या पुढच्या भागात थांबणे, वाट पाहणे, बेत आखणे ही कामे चालतात. तिथे डोपामीन आणि नॉरॲड्रेनलिन ही संदेश पोचवणारी द्रव्ये पेशींमध्ये परत शोषली जाण्याचा वेग हे औषध कमी करते, त्यामुळे त्यांचा प्रभाव वाढतो आणि आवर घालणारा भाग कामाला लागतो. म्हणूनच औषध घेतलेले मूल मंद, खुळावलेले किंवा ओळखू न येण्याइतके गप्प दिसले, तर ते औषध ‘लागू पडल्याचे’ लक्षण मानू नये. मात्रा जास्त आहे किंवा औषध त्याला मानवत नाही असे समजून डॉक्टरांना लगेच कळवावे.

वाढीची भीती मात्र पूर्णपणे निराधार नाही, आणि ती हसण्यावारी नेणाऱ्या डॉक्टरांचा मला राग येतो. अमेरिकेत ५७९ मुलांवर १४ महिने उपचारांची तुलना करण्यात आली व तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. चंचलता आणि अवधान यांवर काळजीपूर्वक मात्रा ठरवून दिलेले औषध केवळ वर्तनोपचारापेक्षा (पालक-शिक्षकांच्या मदतीने वागण्याच्या सवयी बदलण्यापेक्षा) सरस ठरले. औषध आणि वर्तनोपचार एकत्र दिलेल्या गटात औषध कमी लागले आणि काही इतर बाबतींतही थोडा अधिक लाभ झाला. पण त्याच मुलांकडे ३ वर्षांनी पाहिले तेव्हा सलग औषध घेणारी मुले औषध न घेतलेल्यांपेक्षा उंचीने सरासरी सुमारे २ सेंटिमीटर मागे होती, आणि तोवर मूळ उपचारगटांमधला फरकही पुसला गेला होता. म्हणजे औषधाने आजचा दिवस सुकर होतो, भविष्याची हमी मिळत नाही. भूक मंदावणे आणि झोप उशिरा येणे हे सर्वांत जास्त दिसणारे दुष्परिणाम आहेत. गोळीआधी भरपेट न्याहारी आणि परिणाम ओसरल्यावर संध्याकाळी पुन्हा नीट जेवण, एवढ्याने बऱ्याच मुलांचे वजन सावरते. उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब यांची नियमित नोंद हा उपचाराचाच भाग आहे, आणि कुटुंबात कोणाला कमी वयात हृदयविकाराने अचानक मृत्यू आला असेल किंवा मुलाला खेळताना चक्कर येत असेल, तर ते पहिली गोळी देण्यापूर्वीच सांगावे.

व्यसनाविषयी : डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या या औषधाने पुढे व्यसनाचा धोका वाढतो असे अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत आढळलेले नाही. तथापि मिथाइलफेनिडेट १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार नियंत्रित आहे, त्याचा गैरवापर होतो, म्हणून गोळ्यांची बाटली कुलपात असावी आणि मोजून असावी.

‘जन्मभर’ या शब्दामुळे हा निर्णय नको इतका जड होतो. साध्या गोळीचा परिणाम ३ ते ४ तास, सावकाश विरघळणाऱ्या गोळीचा ८ ते १२ तास टिकतो, आणि दुसऱ्या दिवशी गोळी दिली नाही तर मूल आधी होते तसे असते. याचा अर्थ असा की हा लग्नाचा मुहूर्त नव्हे, प्रयोग आहे, आणि तो प्रयोगासारखाच करावा. औषध सुरू करण्यापूर्वी २ आठवडे तीनच गोष्टी वहीत लिहा : गृहपाठाला लागलेला वेळ, शाळेतून आलेल्या तक्रारी, झोपेची वेळ. मग कमीत कमी मात्रेपासून सुरुवात करून डॉक्टर ती वाढवत नेतील, तसतशी तीच नोंद चालू ठेवा. ती वही आपल्या पतींनीच लिहावी असे मी सुचवेन. ज्याचा विरोध आहे त्याच्या हातातली नोंद अधिक विश्वासार्ह असते आणि महिन्या-दोन महिन्यांनी ‘फरक नाही’ असा निष्कर्ष निघाला, तर औषध बंद करण्याचा किंवा बदलण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. फरक पडला तरी वर्षातून एकदा, गरज उरली आहे का हे पाहण्यासाठी, डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस थांबून पाहता येते.

औषध आधी की इतर उपाय आधी, यावर तज्ज्ञांच्या संस्थांमध्येही थोडा फरक आहे. ब्रिटनची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की आधी भोवतालची परिस्थिती बदलून पाहावी आणि तरीही लक्षणीय नुकसान होत राहिले तर औषध द्यावे. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची २०१९ ची तत्त्वे ६ वर्षांपुढील मुलांसाठी औषध आणि वर्तनोपचार सोबतच सुचवतात. ५ वर्षांखालील मुलांसाठी मात्र पालकांचे प्रशिक्षण प्रथम, यावर दोन्हींचे एकमत आहे. घरी एका वेळी एकच सूचना द्यावी आणि शाबासकी आठवड्याच्या शेवटी न देता त्याच मिनिटाला द्यावी. गृहपाठ दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत, मध्ये उठण्याची मुभा देऊन करून घ्यावा.

आणखी एक कळकळीची विनंती. औषध सुरू केलेत, तर मुलगा चिडला की ‘आज गोळी घेतलीस का?’ असे कोणीही विचारू नये. त्या प्रश्नातून त्याला एवढेच ऐकू येते, की त्याचा राग खरा नाही आणि चांगले वागणे त्याचे स्वतःचे नाही.

प्रश्न : मी ४२ वर्षांची असून लेखापाल म्हणून काम करते. मुलीच्या एडीएचडी तपासणीची प्रश्नावली भरताना प्रत्येक प्रश्नाशी मी थबकत होते, कारण उत्तर माझेही तेच होते. लहानपणी मी चंचल नव्हते, पण ‘स्वप्नाळू’, ‘धांदरट’, ‘आरंभशूर’ ही विशेषणे मला कायम चिकटलेली होती. नैराश्यासाठी दोनदा उपचार झाले आहेत. रक्तदाब किंचित वाढलेला असतो. या वयात तपासणी करण्यात अर्थ आहे का? आणि औषध घेणे म्हणजे पळवाट तर नाही ना?
– एक वाचक

उत्तर : तपासणी अवश्य करावी. ज्या मुली बाकावर बसून खिडकीबाहेर पाहत राहतात आणि कोणाला त्रास देत नाहीत, त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि अशा स्त्रियांचे निदान पुष्कळदा आपल्यासारखेच, मुलांच्या तपासणीच्या निमित्ताने होते. मुलांमध्ये सुमारे ५ आणि प्रौढांमध्ये सुमारे २.५ टक्के लोकांत एडीएचडी आढळतो. वयाबरोबर धावपळ आत शिरते : पाय थांबतात, डोके थांबत नाही. म्हणून १७ वर्षांपुढे एका यादीतील ६ ऐवजी ५ लक्षणे पुरेशी मानली जातात. मात्र लहानपणीचा पुरावा लागतोच. जुनी प्रगतिपुस्तके शोधा, थोरल्या भावंडांना विचारा. मोबाइलवरील दहा प्रश्नांच्या चाचणीवर निदान उभे राहत नाही. थायरॉइडचे विकार, झोपेत श्वास अडकणे, चिंता, नैराश्य आणि रजोनिवृत्तीच्या आसपासचे बदल यांचाही विचार डॉक्टर करतील, आणि आपल्या बाबतीत नैराश्य मूळचे की वर्षानुवर्षे कमी पडल्याच्या भावनेतून आलेले, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

रक्तदाबामुळे औषधाचा मार्ग बंद होत नाही, पण तो आधी आटोक्यात आणावा लागतो. उत्तेजक औषधांनी नाडी व रक्तदाब थोडे वाढतात. ॲटोमॉक्सेटिन हे औषध उत्तेजक वर्गातले नाही आणि त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, पण रक्तदाब त्यानेही वाढू शकतो, त्यामुळे ‘उत्तेजक नाही, म्हणजे निर्धोक’ असे समजू नये.

पळवाटेविषयी आपण चष्म्याचे उदाहरण ऐकले असेल. मला ते अपुरे वाटते, कारण चष्मा लावला की समोरचे दिसतेच, औषधाचे तसे नसते. गोळी घेऊन एखादी व्यक्ती संपूर्ण सकाळ अतिशय एकाग्रतेने कपाट लावण्यात घालवते आणि ज्या कामासाठी ती घेतली ते तसेच राहते. म्हणून प्रौढांसाठी तयार केलेल्या बोधात्मक वर्तनोपचाराची जोड हवी : वेळ डोक्यात न ठेवता डोळ्यांसमोर ठेवणे, देयके आपोआप भरली जातील अशी सोय करणे, टाळलेले काम कोणाच्या तरी सोबतीत बसून सुरू करणे. दुसरीकडे औषधाचा लाभ कार्यालयापुरता नसतो. अमेरिकेतील २३ लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींच्या अभ्यासात, त्याच व्यक्तींच्या औषध चालू असलेल्या महिन्यांत वाहन-अपघात पुरुषांमध्ये ३८ आणि स्त्रियांमध्ये ४२ टक्क्यांनी कमी आढळले. आपण गाडी चालवत असाल, तर ‘पळवाट’ हा शब्द या आकड्यांशेजारी ठेवून पाहा.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. परीक्षेआधी मित्राची एडीएचडीची गोळी घेतली आणि विलक्षण लक्ष लागले. याचा अर्थ मलाही एडीएचडी आहे का?
– एक विद्यार्थी

उत्तर : नाही. उत्तेजक औषधाने ज्याला एडीएचडी नाही त्यालाही तरतरी येते आणि आपले काम फार छान चालले आहे असे वाटते, म्हणून औषधाचा परिणाम ही निदानाची कसोटी होऊ शकत नाही. लक्ष न लागण्याचा त्रास बालपणापासून असेल तर रीतसर तपासणी करून घ्यावी. दुसऱ्याच्या नावे लिहून दिलेले नियंत्रित औषध घेणे बहुतेक देशांत कायद्याने गुन्हा आहे आणि आपल्या हृदयाची तपासणी कोणीही केलेली नाही. शिवाय मित्राला गोळ्या मोजून मिळतात, त्यामुळे आपण घेतलेली गोळी महिन्याच्या शेवटी त्याला कमी पडणार आहे.