वावराआधी पांदण पाहावी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या नोकरीची बातमी तुझ्या बाबांनी धुऱ्यावर उभं राहूनच सांगितली. आमची सरकी टोबून झाली होती, तुमची अर्धी राहिली होती, तरी हातातलं काम टाकून ते सांगायला आले. हिंजवडी फेज १, हातात येणारे बावीस हजार, आणि राहायचं वाघोलीत, गावच्या पोरांजवळ. नोकरीचं ऐकून डोळे भरून आले. वाघोलीचं ऐकलं आणि रात्री हे पत्र लिहायला बसलो. फोनवर आकडे कानावरून जातात, कागदावर टिकतात.

आपली पोरं वाघोलीत का राहतात, ते आधी बघ. आपल्याकडून रात्री निघालेली ट्रॅव्हल्स जालना, संभाजीनगर, अहिल्यानगर करत नगर रस्त्यानं पुण्यात शिरते. पहाटे आधी वाघोली लागते. पहिला जो उतरला तो तिथंच राहिला, त्याच्या ओळखीनं दुसरा आला. ज्याचं काम खराडीत किंवा सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यात आहे, त्याच्यासाठी ती जागा चांगलीच आहे. तुझं ऑफिस मात्र शहराच्या पार दुसऱ्या अंगाला आहे. मध्ये अख्खं पुणे पडतं, ३० किलोमीटरच्या आसपास.

तू सांगितलेल्या दोन खोल्यांचा हिशेब मी मांडून पाहिला. वाघोलीत चौघांत तुझ्या वाट्याला साडेतीन हजार. ताथवड्यात तिघांत पाच हजार. दीड हजार वाचतात म्हणून तू वाघोली धरलीस. आता तुझी गाडी बघ. जाऊन-येऊन ६० किलोमीटर, ४५ चा ॲव्हरेज, म्हणजे रोज सव्वा लिटरच्या वर पेट्रोल. लिटरचा भाव शंभराच्या पुढं आहे, तेव्हा रोजचे १४० धर. पंचवीस दिवसांचे साडेतीन हजार. खोली पडली सात हजारांना. ताथवड्याहून जाऊन-येऊन १२ किलोमीटर धरले, तर महिन्याला सातशेचं पेट्रोल, म्हणजे एकूण पाच हजार सातशे. स्वस्त कोणती झाली?

आणि यात वेळ धरलेलाच नाही. त्या गर्दीतून रोजचे तीन तास सहज जातील. पंचवीस दिवसांचे पंच्याहत्तर. दर महिन्याला तीन दिवस आणि तीन रात्री तू सिग्नलवर धूर खात उभा राहणार. तुझं पहिलं वर्ष शिकण्याचं आहे, तू रात्री पुढचा कोर्स करायचं म्हणतोस. तो कोर्स याच तासांतून निघायचा आहे.

मी हे भोगलं आहे. १९९९ मध्ये आयटीआय करून भोसरीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागलो. गावचे एक दादा हडपसरला राहत होते, म्हणून मीही हडपसरला राहिलो. दुसरं काही पाहिलंच नाही. तेव्हा पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा वेगळ्या होत्या, २००७ ला त्या एक झाल्या. दोन बस बदलून जायचो. पहिल्या पाळीसाठी रात्रीच उठायचं. चौथ्या महिन्यात मशिनवर डोळा लागला आणि उजव्या हाताचं बोट आत गेलं. बोट वाचलं, नख कायमचं गेलं. त्यानंतर कासारवाडीला दहा बाय दहाची खोली घेतली, भाडं दुप्पट. त्या महिन्यात घरी दोनशे रुपये कमी पाठवले. आईनं पत्रात एका शब्दानं विचारलं नाही, त्यानं जास्त लागलं. पण झोप पुरी व्हायला लागली, ओव्हरटाइम करायचं बळ आलं, आणि दिवाळीला मी आधीपेक्षा जास्त पैसे घेऊन गावी आलो.

आपण वावर घेताना काय करतो? माती नंतर पाहतो, आधी पांदण पाहतो, तीही आषाढात. उन्हाळ्यात सगळ्याच पांदणी चांगल्या असतात. काळ्या मातीत बंडी आसापर्यंत रुतते तेव्हा कळतं, कापूस घरी येईल की वावरातच भिजेल. खोलीचंही तसंच आहे. रविवारी दुपारी खोली पाहू नकोस, त्या वेळी पुण्यातला प्रत्येक रस्ता मोकळा वाटतो. सोमवारी सकाळी साडेआठला खोलीच्या दारातून निघ आणि ऑफिसच्या गेटपर्यंत घड्याळ लावून जा. ताथवडे, पुनावळे या बाजूला महामार्गाखालचे अंडरपास आहेत, तिथं सकाळी गाड्यांची रांग लागते. नकाशात पाच किलोमीटर दिसणारी खोली अंडरपासच्या कोणत्या बाजूला आहे, यावर तुझी सकाळ ठरेल. आणि फेज १ आहे ना, हे पुन्हा विचारून घे. फेज ३ माणकडे आत आहे, तिथं बसवलं तर मारुंजी-माणची बाजूही पाहावी लागेल. कंपनीची बस किंवा कॅब कुठवर येते, रात्रीच्या पाळीला येते का, हेही आधीच विचार.

मेट्रोच्या नावानं कोणी भाडं वाढवून सांगितलं तर ऐकू नकोस. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्याची पहिली मेट्रो धावली, पुढं पिंपरीहून स्वारगेटपर्यंत गेली, ते चांगलं झालं. पण तुझ्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत जी आज धावते तिचेच पैसे द्यायचे. उद्या बदली पिंपरीला किंवा शिवाजीनगरला झाली, तर देहूरोड-तळेगावचा विचार कर, लोणावळा लोकलचा पास खिशाला परवडतो. दुपारी मात्र लोकल बराच वेळ नसते.

आता पाणी. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहरानं पाण्यासाठी काय सोसलं ते तू पाहिलं आहेस. पुण्याला धरणं आहेत, म्हणून आपल्याला वाटतं तिथं पाणीच पाणी. पिंपरी-चिंचवडला २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं, आणि ताथवडे त्याच पालिकेत आहे. वाघोलीसारखी २३ गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. गाव पालिकेत आलं म्हणून दुसऱ्या दिवशी नळाला धार लागत नाही, कडेच्या कितीतरी सोसायट्या टँकरवर जगतात. म्हणून दोन गोष्टी विचारायच्या: एप्रिल-मेमध्ये रोज किती टँकर लागले, आणि त्यांचे पैसे भाड्यात आहेत की वेगळे. घरमालकाला किंवा एजंटला विचारू नकोस. वॉचमनला विचार, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचार, भांडी घासायला येणाऱ्या मावशींना विचार. त्यांना पाण्याचं खरं माहीत असतं. पिण्याचं पाणी उकळून पी. २०२५ च्या जानेवारीत किरकटवाडी, नांदेड या सिंहगड रस्त्याच्या भागात गुलेन बॅरी या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा दूषित पाण्यावरच संशय होता. खोकल्या-तापाचं कळवलं नाहीस तरी चालेल, पोटाचं मात्र लपवू नकोस.

भाडेकराराचं थोडक्यात सांगतो, पण यात हयगय करू नकोस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नुसती नोटरी करून देतो म्हणाले तर नम्रपणे नाही म्हण. नोंदणी ऑनलाइन होते. तिघं राहणार असाल तर करारात तिघांची नावं घाल. डिपॉझिट बँकेतूनच दे. माझं एका मालकाकडं अडकलं होतं, कागद नव्हता, हात जोडण्यापलीकडं मला काही करता आलं नाही. खोली ताब्यात घेताना भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढ आणि त्याच दिवशी मालकाला पाठव.

एक गोष्ट राहिली, आणि तीच मला सगळ्यात अवघड वाटते. वाघोलीची पोरं तुझी आहेत. तिथं आपली बोली आहे, ताप आला तर कपाळावर हात ठेवणारं कोणी आहे. ताथवड्यात पहिले दोन महिने संध्याकाळ खायला उठेल, हे मी लपवत नाही. म्हणून पहिले आठ-दहा दिवस त्यांच्याकडंच राहा. तेवढ्यात रस्ता अंगावर घे, खोल्या पाहा, मग हल. नंतर दर पंधरा दिवसांनी शनिवारी रात्री तिकडं जा. पोळ्याला सगळे मिळून गावी या.

तिकीट बुधवार रात्रीचं काढ. गुरुवार, शुक्रवार असे दोन कामाचे दिवस रस्ता पाहायला मिळतील. डिपॉझिटला कमी पडलं तर बाबांना सांगू नकोस, ते पेरणीचे पैसे काढून देतील. मला सांग. मी थोडे बाजूला ठेवले आहेत, दिवाळीपर्यंत परत केलेस तरी चालेल.

तुझा,
काका