बेळगावहून काठमांडू, गाडी न चालवता: आधी शेवटचा टप्पा ठरवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. खानापूरहून ६४ वर्षांच्या आई आणि ६८ वर्षांच्या मामांना पशुपतिनाथाच्या दर्शनाला न्यायचं आहे. तुम्हाला गाडी चालवायची नाही, आई विमानात बसायला तयार नाहीत आणि समोर तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे घरातून उचलून परत घरी आणून सोडणारी भाड्याची टेम्पो ट्रॅव्हलर. दुसरी, गोवा एक्सप्रेसने दिल्ली आणि तिथून काठमांडूची थेट बस. तिसरी, मुंबईमार्गे रेल्वेने गोरखपूर आणि पुढे सोनौलीची नेपाळ सीमा.

मी तिसरीच घ्या म्हणेन. या वाटेने मी आमच्याकडची वयस्क माणसं नेली आहेत, त्यामुळे कारणांसकट सांगतो.

आपण प्रवास बेळगाव स्टेशनापासून आखायला बसतो, म्हणून तो चुकतो. हा प्रवास शेवटाकडून आखायचा असतो. सोनौली ओलांडली की लागून भैरहवा येतं, आणि तिथून काठमांडू पावणेतीनशेच्या आसपास किलोमीटर आहे. आकडा ऐकून बेळगाव-पुण्यापेक्षा जवळ वाटतं, पण हा रस्ता आपल्या हायवेसारखा नाही. बुटवल, नारायणगढ, मुग्लिन असा जातो. नारायणगढपासून पुढे एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाली त्रिशूली नदी. नऊ-दहा तास सहज लागतात, रस्त्याचं काम किंवा दरड असेल तर जास्त. २०२४ च्या जुलैमध्ये याच नारायणगढ-मुग्लिन पट्ट्यात सिमलतालजवळ पहाटेच्या अंधारात दरड कोसळून दोन बस त्रिशूलीत वाहून गेल्या, त्यांत ६० हून अधिक माणसं होती. म्हणून माझा नियम पक्का आहे: हा टप्पा दिवसाउजेडी करायचा, पावसाळ्यात करायचाच नाही, आणि वयस्क माणसं सोबत असतील तर दोन दिवसांत तोडायचा. हे एकदा ठरलं की मागचं सगळं आपोआप ठरत जातं. सीमेवर दुपारपर्यंत पोचायचं, म्हणजे गोरखपूरला सकाळी उतरायचं, म्हणजे तशी गाडी शोधायची.

आता टेम्पो ट्रॅव्हलर का नको. बेळगावहून सोनौली रस्त्याने जवळपास दोन हजार किलोमीटर भरते. व्यावसायिक वाहनाच्या चालकाने दिवसाला आठ तास काम करावं असं १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा सांगतो. तो पाळला तर नुसतं सीमेपर्यंत जायला चार-पाच दिवस लागतात. तुम्हाला कोणी ‘तिसऱ्या दिवशी काठमांडू’ म्हणत असेल, तर तो चालकाच्या झोपेतून वेळ काढतोय. दोन चालक असतील का, रात्री गाडी थांबणार का, हे दोन प्रश्न विचारून बघा. शिवाय आपल्या गाडीला नेपाळात शिरताना भन्सार, म्हणजे तिथली जकात, दिवसागणिक भरावी लागते, आणि भाड्याच्या गाडीला परवान्याचे कागद वेगळे लागतात. तो सगळा वेळ म्हातारी माणसं सीमेवर गाडीत बसून काढतात. पाय सुजलेले, कंबर धरलेली आणि डोंगराचा अवघड रस्ता अजून पुढेच.

दिल्लीची बस तरुणांनी घ्यावी. दिल्ली परिवहनची काठमांडू बस २०१४ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, दिल्ली गेटजवळच्या आंबेडकर स्टेडियमवरून सुटते आणि तीस तासांच्या आसपास घेते. गोवा एक्सप्रेसच्या दोन रात्रींनंतर लगेच तीस तास बसून जाणं आईंना झेपणार नाही, आणि डोंगराचा रस्ता कुठल्या वेळी येईल हे आपल्या हातात राहत नाही.

तर रेल्वे. आपल्याकडून संध्याकाळी निघून पहाटे दादरला पोचणारी हुबळी-दादर गाडी सोयीची. त्याच रात्री उशिरा लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कुशीनगर एक्सप्रेस सुटते. नाशिक, भुसावळ, भोपाळ, झाशी, लखनौ करत ती गोरखपूरला जाते, दोन रात्री गाडीत जातात. मधला दिवस मुंबईत नातेवाइकांकडे अंघोळ-जेवण-विश्रांतीत काढा. मुंबईत कोणी नसेल तर टर्मिनसजवळ दिवसापुरती खोली घ्या, तिथे पैसे वाचवू नका. काही जण गोवा एक्सप्रेसने भोपाळ किंवा झाशीला उतरून तिथे गोरखपूरची गाडी धरायला सांगतील. दिवस वाचतो हे खरं, पण अनोळखी स्टेशनवर संध्याकाळी-रात्री सामान घेऊन, दोन-चार मिनिटांच्या थांब्यात मामांना डब्यात चढवायचं. टर्मिनसवर गाडी आधीच लागलेली असते, माणूस शांतपणे चढतो. वयस्कांसोबत मी गाडी जिथून सुटते तिथूनच बसतो.

बेळगाव ते मुंबई हा टप्पा बसने केला तर? एरवी हरकत नाही, स्लीपर कोच भरपूर आहेत. पण तुमच्या तारखा १ नोव्हेंबरच्या, म्हणजे राज्योत्सव आणि काळ्या दिनाच्या, किंवा बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातल्या हिवाळी अधिवेशनाच्या आसपास येत असतील तर रेल्वेच धरा. सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या सरकारी बस सीमेवरच थांबतात, २०२२ च्या डिसेंबरात आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आपण हे पाहिलं. पुढच्या गाडीचं तिकीट हातात असताना निपाणीला अडकून बसायची वेळ कोणावर येऊ नये. महिलांचा कर्नाटकातला मोफत प्रवास आणि महाराष्ट्र एसटीतली निम्म्या तिकिटाची सवलत आपापल्या राज्याच्या हद्दीतच चालते. त्या हिशेबाने बस बदलत जायचा मोह या प्रवासात टाळा, वाचणाऱ्या पैशांपेक्षा चढउताराची दगदग मोठी.

रिझर्वेशनबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण घोळ होतो तो इथे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. गोरखपूरच्या गाड्यांना वर्षभर गर्दी, त्यामुळे पहिल्या सकाळीच बसा. लोअर बर्थचा कोटा ४५ वर्षांवरील महिला आणि ६० वर्षांवरील पुरुषांना आहे, पण तिकिटावर एकटे किंवा दोघेच, आणि दोघेही त्या वयात बसणारे, असतील तरच तो लागू होतो. म्हणून आई आणि मामा यांचं एक तिकीट त्या कोट्यातून काढा आणि तुमचं वेगळं. तिघांचं एकत्र काढलंत तर संगणक तो कोटा विचारातच घेत नाही. तुमचा बर्थ दुसऱ्या डब्यात आला तर गाडीत कोणाशी तरी बदलून मिळतो, वरचा बर्थ घेऊन म्हाताऱ्या माणसाला खालचा देणारं कोणी मिळणं मात्र नशिबाची गोष्ट. वेटिंगवर निघू नका. तत्काळच्या भरवशावरही नको, आता त्याला आधारची पडताळणी लागते आणि या मार्गावर तो मिनिटांत संपतो. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत २०२० च्या मार्चपासून बंद आहे, तेव्हा खर्च पूर्ण भाड्याने धरा. तीन टायर एसी पुरेसा आहे.

गोरखपूरहून सोनौली शंभरेक किलोमीटर. बस आहेत, आपल्याकडच्या वडापासारख्या भरून सुटणाऱ्या जीपही आहेत, पण तुम्ही तिघं अख्खी टॅक्सी करा. सीमेची कमान पायीच ओलांडता येते. भारतीयांना व्हिसा नाही, शिक्का नाही. पलीकडे रिक्षा, टॅक्सी सगळं मिळतं. त्या दिवशी पुढे जायचा आग्रह धरू नका. भैरहव्यापासून लुंबिनी २०-२२ किलोमीटर, बुद्धांचं जन्मस्थान, मायादेवीचं मंदिर आणि अशोकाचा स्तंभ तिथे आहे. संध्याकाळी शांतपणे बघा आणि तिथेच मुक्काम करा. दुसऱ्या सकाळी खासगी गाडी करून नारायणगढ किंवा जवळच्या सौराहाला या, रात्र तिथे, आणि तिसऱ्या सकाळी काठमांडू. डोंगराचा सगळा रस्ता ताज्या अंगाने, उजेडात होतो.

एक गोष्ट आईंच्या कानावर घालून ठेवा. भैरहव्याहून काठमांडूला देशांतर्गत विमान आहे, अर्ध्या-पाऊण तासाचं. आग्रह करू नका, पण मधे दरड पडल्याची बातमी आली तर हा पर्याय माहीत असलेला बरा. डिसेंबर-जानेवारीत मात्र त्यावरही विसंबू नका. तराईत, म्हणजे डोंगराखालच्या सपाट पट्ट्यात, धुकं पडतं, विमानं अडकतात आणि उत्तरेतल्या गाड्याही तासन्‌तास उशिरा धावतात.

रक्सौलमार्गेही जाता येतं, पण तिथून काठमांडूला जाणारा जवळचा घाटरस्ता फार चढाचा आहे, वयस्कांना नको. जयनगरहून जनकपूरला २०२२ पासून पुन्हा रेल्वे जाते, ती जानकी मंदिराला जाणाऱ्यांसाठी उत्तम, तुमच्या कामाची नाही.

कधी जावं? माझं उत्तर फेब्रुवारीअखेर ते मार्च, महाशिवरात्र आणि होळी टाळून. शिवरात्रीला पशुपतिनाथाला लोटणारी गर्दी आईंना सोसणार नाही. होळीला मुंबईतला उत्तर भारतीय कामगार गावी निघतो आणि गोरखपूरच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. दिवाळी-छठचंही तेच. दसऱ्याच्या सुमारास नेपाळात दशैं असतो, तिथली सगळी माणसं घरी निघतात, गाड्या मिळत नाहीत.

पैशांचं सोपं आहे. भारतीय १ रुपयाला नेपाळी १ रुपया ६० पैसे हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. शंभरच्या आणि त्याखालच्या नोटा भरपूर ठेवा. बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआय चालतं, पण डोंगरातल्या चहाच्या टपरीवर नाही. आणि आईंना हे जरूर सांगा, त्यांना आवडेल: पशुपतिनाथाच्या गाभाऱ्यात पूजा करणारे भट्ट पुजारी परंपरेने आपल्या कर्नाटकातून गेलेले असतात.

परतीचं तिकीट विसरू नका. गोरखपूरहून निघायची तारीख नंतरची, म्हणून त्याचं आरक्षण जातानाच्या तिकिटानंतर काही दिवसांनी उघडेल, तो दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. काठमांडू आणि ती गाडी यांच्यामध्ये एक पूर्ण मोकळा दिवस हवाच.

आणि हे सगळं करायच्या आधी, आजच, तिघांची मतदार ओळखपत्रं काढून बघा. नेपाळसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, नुसत्या आधारवर निघू नका. आपल्या भागात नावं मराठीतून कन्नडात आणि तिथून इंग्रजीत गेलेली असतात, त्यामुळे आडनावाचं स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचं निघतं. तसं असेल तर दुरुस्तीचा अर्ज आताच तहसीलदार कचेरीत द्या, आणि रेल्वेचं तिकीट ज्या ओळखपत्रावर प्रवास करणार त्याच स्पेलिंगने काढा. तारखा ठरल्या की इथेच लिहा, गाड्यांच्या त्या वेळच्या वेळा मी बघून देतो.