पोर्टांचा कळप

प्रश्न असा आला आहे: संगणकांच्या जाळ्यात तारा जोडणाऱ्या स्विचचे दोन-चार पोर्ट (तार खोचायच्या जागा) मिळून एकच लिंक करतात, त्या 'लिंक अॅग्रिगेशन'ला मराठीत 'बंधन' म्हणावं की 'समुच्चयन'?

आधी एक विनंती. याला सरसकट 'ट्रंक' म्हणणं थांबवा. सिस्कोच्या स्विचवर ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी आभासी जाळी) वाहून नेणारा पोर्ट. एचपीच्या प्रोकर्व्ह स्विचवर तोच शब्द एकत्र केलेल्या पोर्टांना. एकाने फोनवर 'ट्रंक कर' म्हणायचं आणि पलीकडच्याने भलतंच करून ठेवायचं, हे मी फार वेळा पाहिलंय.

'बंधन' व्युत्पत्तीने चोख आहे: या जोडणीला इंग्रजीत 'बॉन्ड'ही म्हणतात, आणि बॉन्ड आणि बंध एकाच मुळाचे. पण मराठी कानाला त्यात मनाई ऐकू येते. म्हणून नको.

खरा आनंद 'अॅग्रिगेट'मध्ये आहे. त्याच्या पोटात लॅटिन 'ग्रेक्स' बसलाय, म्हणजे कळप! कळपात आणणं ते अॅग्रिगेट, कळपातून वेगळं काढणं ते सेग्रिगेट. आणि आपला 'कळप' कुठून आला? संस्कृत 'कलाप'. कलाप म्हणजे जुडगा. बाणांचा जुडगा म्हणून भाता, पिसांचा म्हणून मोराचा पिसारा. केबलींची मोळी आणि गुरांचा कळप, दोन्ही एकाच शब्दात. याहून नेमका शब्द कुणी मला दाखवावा.

परिभाषा घडवणारी मंडळी 'समुच्चयन'च पुढे करतात, ते मला साफ अमान्य आहे. त्यातला 'चि' धातू रचण्याचा, संचय आणि चिता त्यातलेच. ढिगात काहीही रचता येतं. पोर्टांच्या गटात तसं चालत नाही: वेग सारखा हवा, फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांना वाहतूक) हवं. तीन पोर्ट १ गिगाबिटवर असताना चौथा १०० मेगाबिटवर उतरला, तर एलएसीपी (दोन्ही टोकांच्या स्विचनी गट ठरवायचा प्रोटोकॉल) त्याला त्या गटात घेत नाही. असा कळपाबाहेरचा तो लॅटिनमध्ये 'एग्रेगिअस'.

काहीजण 'जुंपणं' सुचवतात. शब्द अस्सल, पण इथे दिशाभूल करणारा. जुंपलेले दोन बैल एकच ओझं ओढतात. इथे तसं होत नाही. पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या पत्त्यांवरून हॅश (गणिताने काढलेला आकडा) काढून स्विच माहितीचा एक प्रवाह एकाच तारेवर टाकतो, नाहीतर त्याच्या फ्रेम (माहितीचे तुकडे) मागेपुढे पोहोचतील. म्हणून १ गिगाबिटच्या दोन तारा एकत्र केल्या तरी एका मशीनवरून दुसऱ्यावर एकच मोठी फाइल पाठवताना वेग १ गिगाबिटच्या वर जात नाही. कळपात दहा मेंढ्या आल्या म्हणून एक मेंढी दहापट धावत नाही. दहा मेंढ्या एकदम पुढे जातात एवढंच. शिवाय एक बैल बसला की गाडी थांबते. इथे एक तार उपटली तर तिचे प्रवाह उरलेल्या तारांवर जातात. तार जागेवर असून पलीकडचा गप्प झाला, तर तेही कळतं: एलएसीपीची साद धीम्या पद्धतीत दर ३० सेकंदांनी जाते, जलद पद्धतीत दर सेकंदाला, आणि तीन सादांच्या वेळात काहीच आलं नाही की तो पोर्ट गटातून वगळला जातो.

हे सगळं २००० साली ८०२.३एडी या ईथरनेटच्या मानकात बसवलं गेलं. त्याआधीचं, पोर्ट असेच एकत्र करणारं 'ईथरचॅनल' काढलं ते 'कल्पना' नावाच्या कंपनीने, जी सिस्कोने १९९४ साली विकत घेतली. पण 'कल्पना' आहे 'कॢप्' धातूची. कलापाशी तिचं नातं कुणी जोडू नये.