गट, गटबाजी, दुफळी आणि फूट

प्रश्न नागपुरातल्याच एका वाचकाचा आहे. रशियन कम्युनिस्ट पक्षावरच्या लेखात त्यांनी ‘१९२१ साली लेनिनने गटबाजीवर बंदी घातली’ असं लिहिलं. मित्राचं म्हणणं, ‘गटांवर बंदी’ हवं. शिवाय भारतातल्या कम्युनिस्ट पक्षाचं १९६४ साली जे झालं त्याला दुफळी म्हणायचं की फूट?

पहिल्या बाबतीत मी मित्राच्या बाजूचा. ‘गट’ हा साधा शब्द आहे, त्यात निंदा नाही. ‘गटबाजी’ला मात्र आरोपाचा वास येतो. (‘बाजी’ दर वेळी वाईट नसते म्हणा, फटकेबाजीला आपण टाळ्याच वाजवतो.) आपला तो विचारगट आणि दुसऱ्याची ती गटबाजी! मार्च १९२१ च्या पक्षाच्या दहाव्या अधिवेशनात, क्रोनश्टाटच्या नौसैनिकांचं बंड चालू असतानाच, पक्षाच्या एकतेचा ठराव झाला. वेगळी भूमिका मांडून स्वतःची वेगळी शिस्त चालवणारे गट ताबडतोब बरखास्त करा, असा त्यातला हुकूम होता. केंद्रीय समितीच्या सदस्यालाही दोन तृतीयांश मतांनी काढता येईल, हे कलम तर १९२४ पर्यंत गुप्तच ठेवलं होतं. ठरावाने या प्रकाराचा निषेध केला, म्हणून ठरावाची भाषा सांगताना ‘गटबाजी’ अवतरणात खुशाल लिहा. तुमच्या स्वतःच्या वाक्यात तो शब्द आला की तुम्ही न कळत बंदी घालणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसता.

आपल्याकडे नागपुरात, महाल-इतवारीत ‘गुटबाजी’ सर्रास कानावर येते. ती हिंदीची देणगी. बोलताना चालू द्या, लिहिताना ‘गुट’ टाळा.

आता दुफळी. फळी म्हणजे रांग, बाजू. आपण ‘नेत्यांची दुसरी फळी’ म्हणतो तीच. दुफळी माजते तेव्हा माणसं दोन बाजूंना उभी असतात, पण घर अजून एकच असतं. चीनबद्दलची भूमिका, काँग्रेसशी कसं वागायचं, यावरून भारतीय कम्युनिस्टांत बरीच वर्षं होती ती दुफळी. ११ एप्रिल १९६४ ला राष्ट्रीय परिषदेतून ३२ जण उठून गेले, जुलैत तेनालीला त्यांची परिषद भरली आणि वर्षअखेरीच्या आत कलकत्त्यात त्यांनी वेगळं अधिवेशन घेतलं. ही फूट. त्यानंतर भाकप आणि माकप हे दोन पक्ष, त्यांना ‘दोन गट’ म्हणणं चूक. नागपूरचे ए. बी. बर्धन १९९६ ते २०१२ सरचिटणीस होते ते भाकपचे. ‘कम्युनिस्टांच्या एका गटाचे सरचिटणीस’ असं कोणी लिहिलं तर इथले जुने कामगार कार्यकर्ते फाडून खातील.

तुमच्या लेखातली आणखी एक जागा, जी तुम्ही विचारलेली नाही. श्ल्यापनिकोव्ह आणि कोलोन्ताय या रशियन पक्षातल्याच नेत्यांच्या गटाला तुम्ही ‘कामगारविरोधी गट’ म्हटलंय. कामगार संघटनांच्या हाती उद्योगांचा कारभार द्या, अशी मागणी करणारी ही मंडळी. तुमच्या समासाने ती थेट मालकांच्या पंक्तीला जाऊन बसली. ‘कामगारांचा विरोधी गट’ असं सुटं लिहा, किंवा पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे ‘कामगारांच्या बाजूने नेतृत्वाला विरोध करणारा गट’ असं लांबलचक लिहून पुढे ‘विरोधी गट’ ठेवा.