व्याख्यान, कार्यशाळा की चर्चामंडळ? सुरुवात कुठून करावी

तुमचा प्रश्न असा : तालुक्याच्या गावातल्या जुन्या वाचनालयाचं सभागृह दुरुस्त होऊन हाती आलंय, पण व्याख्यानांना तीच पंधरा-वीस निवृत्त मंडळी येतात. मग व्याख्यानं चालू ठेवावीत, कार्यशाळा घ्याव्यात की चर्चामंडळ काढावं? अशाच एका संस्थेच्या कार्यक्रमांचं काम मी बरीच वर्षं बघतोय. माझं मत ठाम आहे. तिन्ही करा, पण आधी श्रोत्यांच्या प्रश्नांची वेळ राखून ठेवा आणि मग बाकीचं आखा.

आपल्याकडचं व्याख्यान कसं चालतं ते आठवा. पत्रिकेवर सहाची वेळ. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ. पावणेसात झाले. वक्ता तासभर बोलतो, त्यावर अध्यक्षीय समारोप, आणि शेवटी निवेदक सांगतो की वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत. ज्याला काही विचारायचं होतं तो पुढच्या खेपेला घरीच थांबतो. यावर उपाय सोपा आहे. परिचय दोन मिनिटांत, सत्कार एक पुस्तक देऊन, अध्यक्ष नकोच. वक्त्याला निमंत्रण देतानाच सांगा : पंचेचाळीस मिनिटं तुमची, अर्धा तास श्रोत्यांचा. देणगीदार रुसतील, हे खरं. त्यांची नावं दर्शनी फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा, पण व्यासपीठ मोकळं ठेवा.

गावात उभं राहून विचारायला लोक बिचकतात, मुली तर फारच. म्हणून खुर्च्यांवर कोरे कागद ठेवा आणि लेखी प्रश्न घ्या. जयंत नारळीकरांची पद्धत या बाबतीत मला फार मोलाची वाटते. सही मागायला आलेल्या मुलांना ते सांगत की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल. सही मागायला आलेलं मूल प्रश्न विचारायला लागतं, हे केवढं मोठं काम आहे! तुमच्याकडे वेळ संपली आणि प्रश्न उरले, तर वक्त्याकडून उत्तरं लिहून घ्या आणि आठवड्याभरात वाचनालयाच्या फलकावर लावा. ती वाचायला माणसं थांबतात.

वार आणि वेळ मात्र एकदा ठरली की बदलू नका. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि आजही उन्हाळा आला की पुणेकर तिची वाट बघतात. ठरलेल्या काळाची ही ताकद आहे. तुम्ही महिन्यातला एक रविवार धरा. वेळ सकाळी दहाची किंवा दुपारी चारची ठेवा. संध्याकाळी सात ही घरोघरी स्वयंपाकाची वेळ, तेव्हा कार्यक्रम ठेवायचा आणि बायका येत नाहीत म्हणायचं, हे बरं नव्हे.

कार्यशाळेसाठी असा विषय घ्या, ज्याचं साहित्य लोकांच्या घरातच आहे. मोडी लिपीचं उदाहरण घ्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे मोडी लिहिणारे होते, त्यामुळे जुन्या खरेदीखतांच्या, गहाणखतांच्या घड्या कित्येक ट्रंकांत पडून आहेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था मोडीचे वर्ग घेतात. तिथे शिकलेला कुणी जवळपास आहे का ते शोधा. पहिल्या दिवशी मुळाक्षरं, मग जोडणी, आणि शेवटच्या दिवशी प्रत्येकाने स्वतःच्या घरचा कागद आणायचा. आजोबांच्या वडिलांचं नाव स्वतः वाचता आलं की माणूस कसा उजळतो ते बघण्यासारखं असतं. मूळ कागद हाताळायला देऊ नका, लॅमिनेशन तर कुणालाही करू देऊ नका. मोबाइलवर फोटो काढून त्यावरून वाचा. पंचवीसपेक्षा जास्त नावं घेऊ नका आणि शुल्क थोडं का होईना, ठेवाच. फुकटच्या नोंदणीतले निम्मे येत नाहीत.

चर्चामंडळाला दहा-बारा माणसं पुरतात. खुर्च्या गोल मांडा, माइक नको. एक छोटा लेख आधी वाटून ठेवा आणि बोलताना त्याच्याकडे परत या, म्हणजे गप्पा राजकीय भांडणाकडे घसरत नाहीत. सूत्रधार दर वेळी वेगळा असावा.

तरुण येत नाहीत म्हणता, पण तुमच्या वाचनालयाला अभ्यासिका असेल तर स्पर्धा परीक्षांची मुलं दिवसभर तिथेच बसलेली असतात. अर्थसंकल्प, पाणीवाटप, ग्रामसभेचे अधिकार असे विषय ठेवा, अभ्यासिकेत जाऊन त्यांना स्वतः बोलावा. फ्लेक्सवर खर्च करण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

आणि त्या पंधरा-वीस जणांना कमी लेखू नका. त्यांत एखादे निवृत्त तलाठी असतीलच. पहिला कार्यक्रम त्यांचा ठेवा : सातबारा कसा वाचायचा. सात नंबरचा नमुना मालकी हक्काचा आणि बारा नंबरचा पिकांचा, फेरफार म्हणजे काय, आठ-अ वर काय दिसतं, एवढं त्यांनी अर्ध्या तासात सांगावं. येताना आपापला उतारा घेऊन या, असं फलकावर लिहा आणि प्रश्नांना पुरा एक तास ठेवा. तालुक्याच्या गावात त्या दिवशी खुर्च्या कमी पडतील. सतरंज्या आधीच झाडून ठेवा.