ग्रेडिंग झालेलं सीलबंद नाणं डोळे मिटून घ्यावं का? आणि घरची जुनी नाणी ग्रेडिंगला पाठवावीत का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ग्रेडिंग कंपनीने, म्हणजे नाणं तपासून त्याची प्रत ठरवणाऱ्या कंपनीने, प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद केलेलं नाणं घेतलं की फसवणुकीची भीती संपते का, आणि आजोबांकडून आलेली चांदीची नाणी तुम्हीही पाठवावीत का. मी बरीच वर्षं नाणी जमवतोय, स्लॅबमधली (या सीलबंद डबीला स्लॅब म्हणतात) आणि सुटी दोन्ही. तेव्हा अनुभवाने सांगतो: डोळे मिटून काहीच घेऊ नका.

लेबलवर दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि नवा माणूस त्यांची गल्लत करतो. नाणं अस्सल आहे, ही पहिली. त्याची प्रत १ ते ७० पैकी अमुक आहे, म्हणजे ६३ किंवा ६५, ही दुसरी. पहिली तपासून ठरवता येते. दुसरी हे मत असतं. जाणकारांचं, पण मतच. मी जास्तीचे पैसे मोजतो ते पहिलीसाठी.

१९१६ ची अमेरिकन डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, बघा. त्या वर्षी नव्या नमुन्याच्या डाइम फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत दोन कोटींहून जास्त पाडल्या गेल्या, डेन्व्हरमध्ये फक्त २,६४,०००. दोन्हींत फरक काय, तर मागच्या बाजूला असलेलं बारीकसं ‘डी’ हे अक्षर. साहजिकच फिलाडेल्फियाच्या नाण्यावर ‘डी’ चिकटवून विकणारे निघाले. अक्षराचा आकार, त्याची जागा, त्याच्या बुडाशी दिसणारा सांधा हे सगळं पाहायला चांगलं भिंग लागतं, आणि त्याहून जास्त सरावाची नजर लागते. अशा नाण्याच्या बाबतीत मी स्लॅबशिवाय विचारही करत नाही.

आता आकड्याबद्दल. १ ते ७० ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. ७० प्रतीच्या नाण्याची किंमत १ प्रतीच्या नाण्याच्या सत्तरपट, असा तो हिशेब होता. किमतींचं ते गणित कधीच मोडलं, मोजपट्टी मात्र राहिली. अडचण अशी की प्रत ठरवायचा विक्रेताच. विकत घेताना त्याला जे नाणं ६० चं वाटायचं, तेच विकताना ६५ चं होऊन बसायचं. म्हणून तिसऱ्या माणसाची गरज पडली. अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशन या नाणेसंग्राहकांच्या संस्थेची सेवा १९७२ मध्ये सुरू झाली तेव्हा ती फक्त अस्सलपणा तपासायची. प्रत सांगणं पुढे, १९७९ मध्ये आलं. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या ग्रेडिंग कंपन्या आल्या. नाणं कडक डबीत सील करायचं, वर प्रत लिहायची आणि त्या प्रतीची हमीही द्यायची, ही पद्धत त्यांच्यामुळे रुळली.

या हमीचं मोल मोठं आहे, यात शंका नाही. तरी माझंच एक नाणं एकदा ६३ ठरलं. मी ते डबीतून काढून त्याच कंपनीकडे पुन्हा पाठवलं, तर ६४ होऊन आलं. त्यात लबाडी नव्हती. दोन प्रतींच्या सीमेवरचं नाणं कधी इकडे पडतं, कधी तिकडे. पण किंमत काही अशी हळूहळू चढत नाही, काही नाण्यांत एका आकड्याने ती दुप्पट होते. म्हणूनच लोक स्लॅब फोडून पुन्हा पुन्हा पाठवतात. जुनं लेबल परत केलं नाही, तर कंपनीच्या नोंदीत एकच नाणं दोनदा मोजलं जातं. तेव्हा ‘या प्रतीची फक्त इतकीच नाणी आहेत’ असं कुणी सांगितलं तर तो आकडा सैलसरच धरा. सीएसी ही कंपनी २००७ पासून, स्लॅबमधलं नाणं आपल्या प्रतीत पक्कं बसतं असं वाटलं तर वर हिरवा स्टिकर लावते. मतावर आणखी एक मत घ्यावंसं बाजाराला वाटलं, यातच सगळं आलं.

स्लॅबसुद्धा बनावट निघतात. लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाका. तिथे फोटो असेल तर नाण्यावरची एखादी बारीक खूण त्याच्याशी जुळवून पाहा. खऱ्या नाण्याचा क्रमांक चोरून खोट्या डबीवर छापता येतो, त्यामुळे नुसता क्रमांक सापडणं पुरेसं नाही.

राहिली आजोबांची नाणी. ग्रेडिंगची फी, येण्याजाण्याचा खर्च आणि विमा यांची बेरीज नाण्याच्या किमतीच्या जवळ जात असेल तर पाठवू नका. पाठवायचं ठरवलंत तर एक कळकळीची विनंती: पुसू नका, घासू नका, चमकवू नका. ठसा बसताना धातू बाहेरच्या बाजूला सरकतो आणि पृष्ठभागावर अतिशय बारीक रेषा उमटतात. नाणं फिरवताना चाकाच्या आऱ्यांसारखा प्रकाश फिरतो तो त्यांच्यामुळे. कापडाने घासलं की त्या रेषा मोडतात आणि पुन्हा कधीच येत नाहीत. सुरुवातीच्या काळात मी एक सुंदर काळपट नाणं मऊ फडक्याने लख्ख केलं होतं. ते आकड्याविना परत आलं. लेबलवर फक्त ‘डीटेल्स, क्लीन्ड’ एवढं लिहिलेलं होतं, म्हणजे नाणं अस्सल, पण घासून साफ केलेलं. ते मी अजून जपून ठेवलंय. तुमची नाणी मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत असतील तर आजच बाहेर काढा, कडांना धरून. त्या प्लॅस्टिकमुळे चांदीवर हिरवट चिकट थर बसतो.