तंत्र-शंका : सर्व्हर गोठतो तेव्हा कर्नल काय सांगून जातो

प्रश्न : आमच्या अकाउंटिंगच्या क्लासमध्ये उबंटूचा एक सर्व्हर आहे, ८ कोअर आणि ३२ जीबी रॅम. त्यावर केव्हीएममध्ये (लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) पाच व्हीएम (आभासी संगणक) चालतात, शिवाय एका जुन्या विंडोजसाठी व्हर्च्युअलबॉक्सही ठेवला आहे. कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाल्यापासून संध्याकाळची बॅच भरली की आठवड्यातून एक-दोनदा सगळा सर्व्हरच गोठतो. बटण दाबूनच सुरू करावा लागतो. लॉगच्या शेवटी काही सापडत नाही. एकदा स्क्रीनचा फोटो मिळाला. त्यात 'नल पॉइंटर डीरेफरन्स', पत्त्याच्या शेवटी ००१०, पुढे 'टेंटेड : जी, डब्ल्यू, ओ, ई' आणि तळाशी 'फेटल एक्सेप्शन इन इंटरप्ट' एवढे वाचता येते. रॅम बदलावी, की जुन्या कर्नलवर परत जावे?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : तूर्त दोन्ही नको. तुमच्या फोटोतच बरेच काही आहे, ते आधी वाचू.

लॉगच्या शेवटी काही नाही हे बरोबरच आहे. इंटरप्ट हाताळताना कर्नल कोसळला की डिस्कवर लिहायला कोणी उरत नाही. पण 'टेंटेड'मधला, म्हणजे कर्नलवर पडलेल्या डागांच्या खुणांमधला, डब्ल्यू पाहा. त्याचा अर्थ, त्याच बूटमध्ये क्रॅशच्या आधी कर्नलने निदान एक वॉर्निंग दिली होती. जर्नल (सिस्टिमची लॉगवही) साधे संदेश डिस्कवर पक्के करायला जास्तीत जास्त ५ मिनिटे घेते. म्हणजे वॉर्निंग त्याहून जुनी असेल तर ती लॉगमध्ये आजही आहे, फक्त शेवटी नाही, मध्ये कुठेतरी. 'जर्नलसीटीएल'ला कर्नलचे संदेश आणि मागचे बूट असे दोन पर्याय द्या आणि 'कट हिअर' हे शब्द शोधा. सापडलेल्यांपैकी पहिलाच अहवाल महत्त्वाचा. एकदा कर्नलची आतली मांडणी बिघडली की पुढचे अहवाल बहुधा त्याच बिघाडाची पिल्ले असतात.

आता बाकीची अक्षरे. जी म्हणजे मालकी परवान्याचे मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) चढलेले नाही, ओ म्हणजे कर्नलच्या मूळ झाडाबाहेरचे, त्याच्या सोर्स कोडमध्ये नसलेले मॉड्यूल चढले आहे, ई म्हणजे ते सही नसलेले आहे. एम नाही, म्हणजे प्रोसेसरने हार्डवेअरची चूक नोंदवलेली नाही. साधी, ईसीसी (चुका ओळखून सुधारण्याची सोय) नसलेली रॅम खराब असली तरी गप्प राहू शकते, म्हणून एका रात्री मेमटेस्टच्या पूर्ण फेऱ्या जरूर करा. पण नवी रॅम घ्यायला एवढा पुरावा पुरत नाही. पत्त्यातला ००१० हा सोळाचा हेक्स आकडा. ज्या स्ट्रक्चरचा पॉइंटर शून्य होता, त्याच्या सुरुवातीपासून १६ बाइटवरचे फील्ड कोड वाचायला गेला.

सर्व्हर नीट चालत असतानाच 'प्रोक'मधल्या 'सिस–कर्नल–टेंटेड' या फाइलमधला आकडा रोज पाहत जा. ओचे ४०९६ आणि ईचे ८१९२ मिळून १२२८८ होतात. तो १२८०० झालेला दिसला की डब्ल्यूचे ५१२ जमा झाले असे समजा. क्रॅश अजून व्हायचा असतो, पण धागा हाती आलेला असतो. पहिले चढलेले बाहेरचे मॉड्यूल कोणते, हे बूटच्या लॉगमधली 'आउट-ऑफ-ट्री' ही ओळ नावानिशी सांगते. तुमच्याकडे व्हर्च्युअलबॉक्सची असतील. तरी नेटवर्क कार्डाचा वेगळा ड्रायव्हर बसवला असल्यास तोही तपासा.

पुढच्या क्रॅशआधी केडंप, म्हणजे क्रॅशच्या वेळी मेमरीची प्रत (डंप) डिस्कवर ठेवणारी सोय, बसवा. 'लिनक्स-क्रॅशडंप' हे पॅकेज टाका, ग्रबमध्ये (बूट लोडर) 'क्रॅशकर्नल'ला ५१२ एमबी राखून ठेवा, 'अपडेट-ग्रब' करून एकदा रीबूट करा. मग 'केडंप-कॉन्फिग शो'ने 'रेडी टू केडंप' म्हटले पाहिजे. तेवढ्यावर विसंबू नका. रविवारी क्लास बंद असताना सगळ्या व्हीएम बंद करा, 'सिंक' द्या आणि 'सिसआरक्यू-ट्रिगर'मध्ये 'सी' लिहून मुद्दाम क्रॅश करा. 'व्हार–क्रॅश'मध्ये डंप आला तर दुसरी चाचणी एक फालतू व्हीएम चालू ठेवून घ्या. व्हीटी-एक्स (इंटेल प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय) चालू असलेला कोअर रीस्टार्टचा आयएनआयटी संकेत अडवून धरतो, म्हणून कर्नलला आधी त्यातून बाहेर पडावे लागते. अडचण आलीच तर ती इथे कळलेली बरी.

डंप ३२ जीबीचा होईल ही भीती नको. 'मेकडंपफाइल'ची ३१ ही पातळी रिकामी पाने, कॅश आणि युजर पाने गाळते. पाहुण्या व्हीएमची रॅम होस्टच्या (मूळ सर्व्हरच्या) दृष्टीने युजर पानेच, त्यामुळे विद्यार्थ्यांचा डेटाही बाहेर राहतो. डंप 'क्रॅश' या टूलमध्ये उघडायला नेमक्या त्याच बिल्डचा, डीबग माहितीसकटचा 'व्हीएमलिनक्स' (कर्नलची फाइल) लागतो. एका अपडेटचा फरक असला तरी चालत नाही. आधी 'लॉग', मग 'बीटी'. आरआयपीच्या (क्रॅशच्या क्षणी चालू असलेल्या सूचनेचा पत्ता) ओळीत चौकटी कंसात मॉड्यूलचे नाव येते. ते केव्हीएमचे निघाले तरी लगेच त्याच्या माथी मारू नका. आरआयपी कोण मेला ते सांगते, मारणारा दुसराच असू शकतो. कॉल ट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले ती साखळी) प्रश्नचिन्ह असलेल्या ओळी स्टॅकवरचा जुना कचराही असू शकतात, त्यांवर तर्क बांधू नका.

मग प्रयोग, एका वेळी एकच. आधी दोन आठवडे व्हर्च्युअलबॉक्सची मॉड्यूल न चढवता सर्व्हर चालवा. टेंटेडचा आकडा शून्य असतानाही गोठला तर दोष मूळ कर्नलकडे सरकतो, आणि तेव्हा जुना कर्नल लावून पाहणे अर्थाचे. दोन्ही एकदम बदलले तर गुण कशाने आला ते कधीच कळणार नाही.

तसेही दोन हायपरवायझर (व्हीएम चालवणारी सॉफ्टवेअर) एका होस्टवर ठेवू नयेत असेच आम्ही सांगू. कर्नल ६.१२ पासून केव्हीएम मॉड्यूल सहसा चढताच व्हीटी-एक्स ताब्यात घेते आणि व्हर्च्युअलबॉक्सची व्हीएम सुरूच न होण्याची शक्यता असते. 'क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्ट'ने व्हर्च्युअलबॉक्सची व्हीडीआय डिस्क फाइल केव्हीएमला चालणाऱ्या क्यूकाऊ२ स्वरूपात बदला, मूळ फाइल जपून ठेवा आणि जुने विंडोज केव्हीएममध्येच चालवा. पहिल्यांदा डिस्क आयडीई किंवा साटा म्हणून जोडा. व्हर्टआयओचा (केव्हीएममधली वेगवान आभासी उपकरणे) ड्रायव्हर आत नसताना डिस्क व्हर्टआयओ म्हणून जोडली तर विंडोज निळा पडदा दाखवते.

प्रश्न : ४ कोअरच्या होस्टवर आमच्या सात लिनक्स व्हीएम आहेत, प्रत्येकीला २ व्हीसीपीयू (आभासी कोअर). रात्री बॅकअपच्या वेळी एकीत 'सॉफ्ट लॉकअप, सीपीयू स्टक फॉर २२ सेकंद' असे येते. व्हीएमचा कर्नल खराब झाला का?
– एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : बहुधा नाही. वॉचडॉगची (अडकलेला कोअर ओळखणारी कर्नलची यंत्रणा) मर्यादा १० सेकंद, सॉफ्ट लॉकअप तिच्या दुपटीला, २० सेकंदांना धरला जातो. म्हणून २२ हा आकडा वारंवार दिसतो. होस्टने व्हीसीपीयूला तेवढा वेळ कोअरच दिला नाही, तर आतल्या कर्नलला तो अडकल्यासारखाच वाटतो. बॅकअप चालू असताना व्हीएममध्ये 'टॉप' लावा आणि 'एसटी', म्हणजे हवा असूनही होस्टने न दिलेला वेळ, पाहा. तो चढलेला असेल तर ४ कोअरवर १४ व्हीसीपीयू झेपत नाहीत, एवढेच. ज्यांना एक पुरतो त्यांना एकच द्या, बॅकअप वेगवेगळ्या वेळी लावा. व्हीएममध्ये 'सॉफ्टलॉकअप-पॅनिक' (सॉफ्ट लॉकअप दिसताच कर्नल पाडणारी सेटिंग) चालू असेल तर बंद करा. नाहीतर होस्टच्या उशिरापायी धडधाकट व्हीएम मरेल.

एसटी शून्याजवळ आहे आणि दर वेळी ट्रेसमध्ये तेच फंक्शन येते, असे असेल तर मात्र दोष आतलाच. मग व्हीएम रीबूट करण्याआधी होस्टवरून 'व्हर्श डंप' 'मेमरी-ओन्ली' पर्यायासह घ्या. अडकलेल्या अवस्थेतली मेमरी रीबूटनंतर मिळत नाही.